दर गणपतीत साइट आडवी, आणि दोषी निघाला तळाचा व्हिजिटर काउंटर

दुखणं असं होतं. ओळखीच्या एका काकांची आरत्या आणि स्तोत्रांची साइट आहे, पानं बनवायला पीएचपी आणि माहिती साठवायला मायएसक्यूएल हा डेटाबेस, एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर), वर्षभर निवांत चालते, आणि गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी साडेसात वाजले की आडवी. आधी पान उघडायला वीस-वीस सेकंद, मग "टू मेनी कनेक्शन्स", मग नुसतं पांढरं पान. लोक ताम्हण हातात घेऊन उभे, कापूर पेटलेला, आणि मोबाइलवर आपलं गोल गोल फिरतंय. काकांचा फोन येणार, मी डेटाबेस रीस्टार्ट करणार, दहा मिनिटं चालणार, परत आडवी. साडेनऊला आरत्या संपल्या की न औषध घेता बरी. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच नाटक.

२०२४ ला ७ सप्टेंबरला चतुर्थी होती तेव्हा आम्ही ट्रॅफिक जास्त आहे म्हणून सोडून दिलं. नंतर रॅम ४ जीबीची ८ केली, पीएचपीचं व्हर्जन वाढवलं, आणि "टू मेनी कनेक्शन्स" येतंय ना, मग मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी डेटाबेसला जास्तीत जास्त किती जोडण्या) डीफॉल्ट १५१ असतात ते ५०० केले. २०२५ ला २७ ऑगस्टला चतुर्थी आली आणि साइट आदल्या वर्षीपेक्षा लवकर झोपली. यात नवल काहीच नव्हतं खरं तर. एसटी भरलीय म्हणून दार मोठं केलं तर आत जागा होत नाही, फक्त चेंगराचेंगरी वाढते. कनेक्शन संपतायत कारण प्रत्येक कनेक्शन अडकून पडलंय, ते का अडकलंय हे न बघता आकडा वाढवला की तेवढ्या जास्त क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) एकाच डिस्कसाठी आणि एकाच सीपीयूसाठी भांडतात.

त्या रात्री मग शहाण्यासारखं ते केलं जे आदल्या वर्षी करायला हवं होतं, म्हणजे साइट लटकलेली असतानाच, रीस्टार्ट न करता, डेटाबेसमध्ये शिरून "शो फुल प्रोसेसलिस्ट" मारलं, म्हणजे या क्षणी कुठल्या क्वेऱ्या चालू आहेत त्याची यादी. ही कमांड आजाऱ्याची नाडी आहे, आणि आपण नेमकं काय करतो तर घाबरून रीस्टार्ट मारतो आणि पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. लिस्टमध्ये शंभरावर ओळी आणि जवळपास सगळ्या दोनच प्रकारच्या. आरत्यांची क्वेरी त्यात एकही नाही. सगळ्या पानाच्या तळाशी असलेल्या "आजचे भाविक" आणि "एकूण भाविक" या दोन आकड्यांच्या.

पहिली टेस्ट तुम्हीही हीच करा, बाकी काही वाचायच्या आधी. काउंटरचा कोड पाच मिनिटं कॉमेंट (म्हणजे बंद) करा आणि बघा. आमची साइट एका मिनिटात उठून बसली, त्याच गर्दीत, त्याच मशीनवर. साइट उठली नाही तर तुमचं दुखणं वेगळं आहे, पुढचं वाचून वेळ घालवू नका.

आता झालं काय होतं ते. व्हिजिट्स नावाचं एक टेबल, प्रत्येक पान उघडलं की त्यात एक रो (ओळ) पडते: वेळ, आयपी, पानाची यूआरएल, कुठून आला ती लिंक, आणि ब्राउझरची ती लांबलचक यूजर एजंट स्ट्रिंग. एकूण भाविकांसाठी पूर्ण टेबलावर काउंट, आजच्या भाविकांसाठी आजच्या तारखेचा काउंट, आणि हे दोन्ही प्रत्येक पानावर, प्रत्येक माणसासाठी, दर वेळी नव्याने. टेबलात हजार रो होत्या तेव्हा कुणाला कळलंही नाही, वर्षानुवर्षं साफसफाई न करता ते काही कोटींवर गेलं तेव्हा कळलं.

काकांचा प्रश्न होता, "अरे पण पूर्वी तर हेच काउंटर मस्त चालायचं", आणि ते बरोबर बोलत होते. साइट जुनी आहे, टेबल मायआयसॅम इंजिनवर होतं (इंजिन म्हणजे टेबल साठवायची पद्धत), आणि मायआयसॅम एकूण रो किती याचा आकडा स्वतःजवळ लिहून ठेवतं, त्यामुळे सगळ्या टेबलाचा काउंट चुटकीसरशी मिळायचा. मायएसक्यूएल ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून, डीफॉल्ट इंजिन इनोडीबी झालं, आणि मधे कधीतरी सर्व्हर बदलताना मीच सगळी टेबलं इनोडीबीला नेली, तेही योग्यच, कारण मायआयसॅममध्ये एक अपडेट आलं की अख्खं टेबल लॉक. पण इनोडीबी असा तयार आकडा ठेवत नाही, ठेवूच शकत नाही, कारण एकाच क्षणी दोन ट्रान्झॅक्शनना (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या कामांच्या गठ्ठ्यांना) वेगवेगळ्या रो दिसू शकतात. मग तो दर वेळी सगळ्यात छोटा इंडेक्स (शोधायला सोपी जावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) धरून एक टोक ते दुसरं टोक मोजत बसतो. म्हणजे ही कळ माझ्याच हाताने लागलेली, आणि दोन वर्षं मी होस्टिंगवाल्यांना शिव्या घालत होतो.

"आजचे भाविक" वाली क्वेरी तर याहून गंमतीची. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स होता, तरी स्लो. क्वेरीत लिहिलं होतं की वेळेवर डेट फंक्शन लावून जे येईल ते आजच्या तारखेइतकं आहे का बघ. कॉलमवर फंक्शन लावलं की इंडेक्सचा क्रम कामाचा राहत नाही, प्रत्येक नोंद उचलून फंक्शनमधून काढून बघावी लागते. यात एक फसवी गोष्ट आहे ती लक्षात ठेवा: "एक्स्प्लेन" (क्वेरी कशी चालवली जाणार ते दाखवणारी कमांड) मारलं तर टाइपच्या कॉलमात "ऑल" (अख्खं टेबल वाचतोय) दिसलं की सगळेच सावध होतात, पण आम्हाला दिसत होतं "इंडेक्स", आणि मी खुश, की इंडेक्स वापरतोय बुवा. तर तिथे "इंडेक्स" म्हणजे अख्खा इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतोय. तुम्हाला हवं असतं "रेंज" किंवा "रेफ", म्हणजे इंडेक्सचा लागेल तेवढाच भाग. उपाय साधा आहे, कॉलम मोकळा सोडा आणि हद्दी बाहेर काढून द्या: वेळ आजचा दिवस सुरू होतानाच्या रात्री बाराची (००:००) किंवा त्यानंतरची, आणि उद्याचा दिवस सुरू होतानाच्या रात्री बाराच्या आधीची. बिट्वीन लावून २३:५९:५९ असला खेळ करू नका, सेकंदाचे तुकडे साठवत असाल तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी हातून निसटतात.

आणि रात्रीचे बारा कुणाचे, हेही बघा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) असेल तर त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. आमच्याकडे काकड आरतीची सगळी गर्दी आदल्या दिवसाच्या खात्यात पडत होती, कित्येक वर्षं, कुणाला पत्ता नाही. यावर टाइमझोन बदलायचं फंक्शन कॉलमवर लावलं की पुन्हा तोच आजार, म्हणून हद्दच बदलायची: आपला २७ ऑगस्ट म्हणजे यूटीसीचा २६ तारखेचा १८:३० ते २७ तारखेचा १८:३०.

इतकं केल्यावर आजचा आकडा सुधारतो, पण एकूणचा सुधारत नाही, आणि उत्सवाच्या दिवशी आजचाच आकडा लाखांत गेला की तो पण पुन्हा जड व्हायला लागतो. म्हणजे क्वेरी कितीही घासूनपुसून घ्या, मुळातली पद्धतच चुकीची होती. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं, त्यांच्याकडे किर्द असायची आणि खतावणी असायची. किर्दीत दिवसभर जे होईल ते ओळीने उतरवायचं, विचार न करता, आणि संध्याकाळी दुकान आवरताना त्यातून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी. गिऱ्हाइकाने विचारलं माझी बाकी किती, तर आजोबा काय किर्द पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे नाहीत, खात्याचं पान उघडलं की आकडा समोर. आमची साइट प्रत्येक गिऱ्हाइकाला आख्खी किर्द वाचून दाखवत होती.

तर खतावणीचं टेबल केलं. कॉलम तीनच: पानाचा नंबर, तारीख, हिट्स. पहिले दोन मिळून प्रायमरी की (प्रत्येक रोची एकमेव ओळख). तळाचा आकडा यातून काढायचा, आणि एकूणची बेरीज सुद्धा दर पानाला करायची नाही, मिनिटा-मिनिटाला एकदा काढून फाइलमध्ये ठेवायची. एकूण भाविकांचा आकडा एक मिनिट जुना असला तर बाप्पा रागावत नाही.

इथे मी एक चूक केली ती सांगतो, कारण बहुतेक जण हीच करतात. मला वाटलं किर्दीची भानगडच कशाला, पान उघडलं की थेट खतावणीत अधिक एक करू, "इन्सर्ट ऑन डुप्लिकेट की अपडेट" (रो नसेल तर टाक, असेल तर वाढव) आहेच की. दुपारी टेस्ट केलं, मस्त. संध्याकाळी परत लटकलं. कारण गणपतीत सगळे लोक एकच पान उघडतात, आणि त्या पानाची आजची रो एकच, आणि इनोडीबीत एका रोवर एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीचे रांगेत. त्यात आमचा कोड पान सुरू होतानाच ट्रान्झॅक्शन उघडायचा आणि पान पूर्ण तयार झाल्यावर कमिट (पक्कं) करायचा, म्हणजे पहिल्याने रो धरली की त्याचं पान बनेपर्यंत बाकी सगळे दारात ताटकळत. दर्शनाच्या रांगेत एकाने गाभाऱ्यात जाऊन अथर्वशीर्षाची आवर्तनं सुरू करावीत तसं. काउंटरचं अपडेट त्या मोठ्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढलं तर बराच फरक पडतो, एका रोऐवजी दहा-वीस रो ठेवून कुठल्याही एकीत अधिक एक करायचं आणि वाचताना बेरीज घ्यायची हाही उपाय चालतो. पण आम्ही शेवटी आजोबांचीच पद्धत घेतली: किर्दीत फक्त इन्सर्ट, आणि दर पाच मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालून खतावणी. नव्या रो टाकताना लोक एकमेकांना सहसा अडवत नाहीत.

या क्रॉनमध्ये तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हीत पडलोय. एक, मागच्या वेळी कुठल्या आयडीपर्यंत आलो होतो ते लिहून ठेवणं आणि खतावणीत आकडे वाढवणं, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पाहिजे, नाहीतर मधेच काही फाटलं की तीच नोंद दोनदा मोजली जाते किंवा अजिबात मोजली जात नाही. दोन, पाच मिनिटांत काम संपलं नाही आणि दुसरा क्रॉन सुरू झाला तर दोघं मिळून गोंधळ घालतात, म्हणून सुरुवातीला "गेट लॉक" घ्यायचं आणि नाही मिळालं तर गुपचूप परत जायचं. तिसरा खड्डा बारीक आहे आणि तो शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ऑटो इन्क्रिमेंटचे (आपोआप वाढत जाणारे) आयडी क्रमाने वाटले जातात पण कमिट क्रमाने होतातच असं नाही. आयडी १०१ वाल्याने कमिट केलं, १०० वाला अजून अडकलेला आहे, आणि क्रॉनने १०१ पर्यंत मोजून खूण केली तर १०० नंतर येतो आणि कायमचा सुटतो. आकडे रोज थोडे थोडे कमी यायचे आणि मला वाटायचं बॉट (साइटवर आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) असतील. उपाय म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांतल्या नोंदींना हात लावायचा नाही, पुढच्या फेरीला घ्यायच्या.

रेडिस (सगळं रॅममध्ये ठेवणारा वेगवान डेटाबेस) असेल तर हे सगळं अजून सोपं होतं, काउंटर रेडिसच्या "इन्कर"ने वाढवायचा आणि मिनिटाला एकदा मायएसक्यूएलमध्ये उतरवायचा. फक्त उतरवताना आधी कीचं नाव बदला आणि मग वाचा, नाहीतर वाचणं आणि पुसणं याच्या मधल्या हिट्स गायब. आणि रेडिस पडलं तर शेवटच्या काही मिनिटांचे आकडे जाऊ शकतात ही तयारी ठेवा. शेअर्ड होस्टिंगवर रेडिस सहसा मिळत नाही, म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही.

लिहिण्याचा वेग हे वेगळं प्रकरण. आमच्या व्हिजिट्सवर सात इंडेक्स होते, आयपीवर एक, यूजर एजंटवर एक, लिंकवर एक, कुणीतरी कधीतरी रिपोर्ट काढायला लावलेले. प्रत्येक रो टाकताना सातही इंडेक्स अपडेट. मायएसक्यूएलच्या "सिस" स्कीमामध्ये (सर्व्हरची स्वतःची माहिती देणारा तयार भाग) न वापरलेल्या इंडेक्सची यादी मिळते ती बघा, पण ती सर्व्हर शेवटचा सुरू झाल्यापासूनची असते, त्यामुळे काल रीस्टार्ट करून आज ती यादी बघून इंडेक्स उडवू नका, महिनाअखेरचा रिपोर्ट कुठला वापरतो ते तेव्हाच कळतं. आम्ही प्रायमरी की आणि वेळेचा एक, एवढंच ठेवलं. यूजर एजंट वेगळ्या टेबलात नेऊन इथे फक्त त्याचा नंबर ठेवला, कारण तीच ती शे-दीडशे अक्षरं लाखो वेळा लिहिण्यात काय अर्थ आहे. आयपी अक्षरांत न ठेवता आकड्यात ठेवा, आयपीव्ही४ ला ४ बाइट पुरतात, आणि आयपीव्ही६ पण येणारच, मोबाइलवाल्यांचा तर येतोच, त्यामुळे १६ बाइटपर्यंतचा व्हारबायनरी कॉलम आणि "इनेट६ एटॉन" वापरलेलं बरं.

बफर पूलचा (डेटाबेस रॅममध्ये डेटा ठेवतो त्या जागेचा) आकार पण बघून घ्या, डीफॉल्ट १२८ एमबी असतो, आणि आम्ही ८ जीबी रॅम घेऊन वर्षभर तो १२८ वरच ठेवला होता. म्हणजे पैसे रॅमचे भरले आणि डेटाबेसला त्याची खबरच नाही. वेबसर्व्हर त्याच मशीनवर असेल तर अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. आणि "इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट" हे १ चं २ केलं की लिहिणं पुष्कळ हलकं होतं, कारण दर कमिटला डिस्कपर्यंत जाण्याऐवजी साधारण सेकंदाला एकदा जातो, वीज गेली तर शेवटच्या सेकंदभराच्या नोंदी जाऊ शकतात. व्हिजिटर मोजायला चालतंय. पण ही सेटिंग पूर्ण सर्व्हरला लागते, त्याच डेटाबेसमध्ये देणगीच्या पावत्या असतील तर हात लावू नका.

जुना डेटा काढताना माझा अजून एक दिवस गेला. एकाच डिलीटमध्ये दोन वर्षांपूर्वीचं सगळं उडवायला गेलो, अर्ध्या तासाने घाबरून थांबवलं, तर आता ते उलटं फिरवण्यात अजून वेळ. आणि पूर्ण डिलीट झालं असतं तरी डिस्कवरची फाइल छोटी होत नाही, आतली जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते. काढायचंच असेल तर लिमिट लावून पाच-दहा हजारांच्या घासाने काढा, मधे जरा थांबत. कायमचा उपाय म्हणजे महिन्याप्रमाणे पार्टिशन (टेबलाचे वेगवेगळे तुकडे), जुना महिना नको तर ते पार्टिशन ड्रॉप, क्षणात काम. अटी दोन: पार्टिशनचा कॉलम प्रत्येक युनिक कीमध्ये असायलाच हवा, म्हणजे प्रायमरी कीत आयडीबरोबर वेळ पण येते, आणि पार्टिशनवाल्या इनोडीबी टेबलावर फॉरेन की (एका टेबलाला दुसऱ्याशी बांधणारा नियम) चालत नाही. पुढच्या महिन्याचं पार्टिशन आधीच बनवायचा क्रॉन लावा. शेवटचं सगळं सामावणारं पार्टिशन नसेल तर एक तारखेला रात्री बारा वाजता इन्सर्ट एरर देऊन बंद पडतात, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

आता सगळ्यात जास्त फायदा कशाने झाला ते, आणि यात डेटाबेस जवळपास नाहीच. आरती काही रोज बदलत नाही. ते पान सरळ तयार फाइल म्हणून ठेवता आलं असतं, पण तळाच्या त्या दोन आकड्यांपायी प्रत्येक पान दर वेळी पीएचपी आणि मायएसक्यूएलमधून जात होतं. पान स्टॅटिक केलं, हिटची नोंद पान उघडल्यावर जावास्क्रिप्टच्या "सेंड बीकन"ने मागून जाते, आकडा पण मागून येऊन बसतो. डेटाबेस उद्या पूर्ण पडला तरी आरती दिसते, फक्त आकड्याच्या जागी रेघ. हे करायला एक दुपार लागली. दोन वर्षं रॅम आणि सेटिंगमध्ये गेली ती गेली. नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं, पहिली संध्याकाळ मी स्लो क्वेरी लॉग उघडून बसलो होतो (संथ क्वेऱ्यांची नोंद ठेवणारा हा लॉग डीफॉल्टला बंद असतो, आणि चालू केला तरी १० सेकंदांवरच्याच क्वेऱ्या पकडतो, १ करून घ्या), नऊ वाजेपर्यंत त्यात एकही ओळ नाही. मी देखील मग आरतीला गेलो.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. साइट फास्ट झालीय ते ठीक, पण भाविक निम्मे कसे झाले रे? कारण बरेच बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, ते आता मोजले जात नव्हते, आणि इतकी वर्षं "एकूण भाविक" मध्ये ते पण हात जोडून उभे होते. वर काकांना वेगवेगळी माणसं किती तेही हवं होतं, तर ते आयपीवरून मोजू नका, मोबाइल कंपन्या शेकडो लोकांना एकाच आयपीमागे बसवतात, आणि रोजच्या युनिकची बेरीज म्हणजे महिन्याचे युनिक नव्हे, रोज येणारी आजी तीस वेळा मोजली जाते. एखादा रँडम कुकी नंबर आणि रेडिसचं हायपरलॉगलॉग (वेगवेगळे किती याचा अंदाज देणारी मोजणी) वापरलं तर एका काउंटरला जास्तीत जास्त १२ केबी लागतात, चूक साधारण ०.८१ टक्के, आणि दिवसांचे काउंटर एकमेकांत मिसळून (बेरीज करून नव्हे) महिन्याचा आकडाही तेवढ्याच अंदाजाने निघतो. काकांसाठी सध्या जुना आकडा "नवीन मोजणीच्या आधी" म्हणून गोठवून ठेवलाय आणि शेजारी नवा चालू केलाय. तुम्ही बदल करणार असाल तर जुनी आणि नवी मोजणी एक महिना शेजारी शेजारी चालवून मग बदला, आणि बदलायच्या आधी मालकाला सांगा, मी सांगितलं नव्हतं.